दुसऱ्या दिवशीचा हात

थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं ऑपरेशन ठरलं की माणसं टाके, खर्च आणि दवाखान्यातले दिवस यांची चौकशी करतात. ती करायलाच हवी. मी मात्र हे लिहायला बसले आहे ते टाके निघाल्यानंतरच्या काळासाठी. ऑपरेशननं नसांना जागा मिळते. त्या जागेत नसा शांत व्हायला कित्येक महिने लागतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरातल्यांना, शाळेतल्यांना, शेजाऱ्यांना वाटतं की बाई आता बऱ्या झाल्या. गळ्याजवळ बोटभर व्रण, हाताला प्लास्टर नाही, गळ्यात झोळी नाही. जो त्रास दिसत नाही त्यासाठी सवलत मागताना जीभ अडखळते. तरीही ती मागायची आहे, आणि पुरेशा काळासाठी मागायची आहे.

मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. भूमितीच्या आकृत्या फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात काढायच्या, म्हणजे मागच्या बाकावरच्यांनाही दिसतात, ही जुनी सवय. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर व्हायला लागली ती तिथे. मग केस विंचरताना, मग गच्चीतल्या दोरीवर कपडे वाळत घालताना. हात वर गेला की कोपरापासून करंगळीपर्यंत आतल्या बाजूनं मुंग्या आणि जडपणा. खाली आणला की हळूहळू उतरायचं. पुढे खडू हातातून निसटायला लागला, सुईत दोरा ओवता येईना.

त्या काळात माझ्या हाताला बरीच नावं मिळाली. एका ठिकाणी मानेचा स्पॉन्डिलोसिस ठरला, मानेला पट्टा आणि वजनं लावून झाली. एमआरआयमध्ये एक चकती जराशी पुढे आलेली दिसली, पण चाळिशीनंतर ती तक्रार नसलेल्यांच्याही मानेत दिसते. दुसरीकडे मनगटातली नस दबली आहे म्हणाले. तिसरीकडे विचारलं, घरात काही ताण आहे का? गावातल्या एका जाणत्यानं मान चोळून, झटका देऊन हाड बसवायची तयारी दाखवली होती. सासूबाईंनीच अडवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मानेच्या आणि हाताच्या अशा दुखण्यात निदान हातात नसताना कुणालाही मानेला झटका देऊ देऊ नका.

निदान झालं ते एका तरुण न्यूरोलॉजिस्टमुळे. त्यांनी दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेली मांसल गादी डाव्यापेक्षा सपाट झाली होती. मी रोज तो हात बघत होते, मला दिसलं नव्हतं. मनगटातली नस दबली तरी ती गादी सुकते, पण मग मुंग्या अंगठ्याकडच्या बोटांत येतात. माझ्या करंगळीकडे होत्या, म्हणून त्यांना शंका आली. त्यांनी मानेचा साधा एक्स-रे सांगितला, आणि त्यात सातव्या मणक्यापासून निघालेली जास्तीची बरगडी दिसली, दोन्ही बाजूंना. अशी सर्व्हायकल रिब शंभरात जेमतेम एखाद्याला असते आणि त्यातल्याही बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. मला झालं. एमआरआयच्या जाड फाइलीपुढे एका साध्या एक्स-रेनं उत्तर दिलं, म्हणून करंगळीच्या बाजूनं मुंग्या आणि हात वर केल्यावर वाढणारं दुखणं असेल तर तो एक्स-रे झाला आहे का, एवढं तरी विचाराच.

दुखण्याची जागा समजून घेतली की पुढची पथ्यं पाळणं सोपं जातं, म्हणून थोडं सांगते. मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, आणि हाताची मोठी धमनी मानेच्या बाजूच्या एका अरुंद वाटेनं जातात. वाटेच्या पुढे एक स्केलिन स्नायू, मागे दुसरा आणि तळाशी पहिली बरगडी. हातातलं रक्त परत नेणारी मोठी शीर पुढच्या स्केलिनच्याही पुढून, बरगडी आणि कॉलरबोन यांच्या मधून जाते. जास्तीची बरगडी, जन्मजात चिवट पट्टा, अपघातात मानेला बसलेला हिसका किंवा वर्षानुवर्षं हात वर ठेवून केलेलं काम, यांतल्या कशानंही ही वाट आवळली जाऊ शकते. दहातल्या नऊहून जास्त जणांत आवळतात त्या नसा. शीर आवळली तर हात अचानक सुजतो, निळसर होतो, आत गुठळी झालेली असू शकते. धमनी आवळली तर बोटं गार आणि पांढरी पडतात. हे दोन प्रकार कमी दिसतात, पण ते थांबू देणारे नाहीत. हात असा दिसला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावं.

नसांच्या प्रकारात मात्र घाई नसते. बहुतेकांना आधी काही महिने फिजिओथेरपीच देतात, आणि त्यात बरेच जण सावरतात. दोन्ही हात खांद्याच्या उंचीला, कोपरात वाकवून तीन मिनिटं मुठी उघडायच्या-मिटायच्या, ही डेव्हिड रूस या अमेरिकन सर्जनच्या नावानं ओळखली जाणारी चाचणी माझ्याही वाट्याला आली. मला तीन मिनिटं गाठता आली नाहीत. पण या एका चाचणीवर कुणी ऑपरेशन ठरवत असेल तर दुसरं मत घ्या, कारण धडधाकट माणसांचेही हात त्यात भरून येतात. तपासणी, एक्स-रे, नसांची विद्युत चाचणी, काही वेळा स्केलिनमध्ये भुलीचं इंजेक्शन देऊन त्रास थांबतो का हे पाहणं, अशा पुराव्यांची बेरीज लागते. विद्युत चाचणी नॉर्मल आली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, हेही तितकंच खरं. माझा स्नायू सुकत होता, म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता.

सर्जन निवडताना संकोच करू नका. हे ऑपरेशन रक्तवाहिन्यांचे, छातीचे, मेंदू-मज्जासंस्थेचे आणि काही प्लास्टिक सर्जनही करतात; पाटीपेक्षा अनुभव महत्त्वाचा. तुम्ही हे किती वेळा केलं आहे, काखेतून जाणार की कॉलरबोनच्या वरून, नेमकं काय काढणार, हे मी लिहून नेलं होतं. काखेतून पहिली बरगडी काढायची पद्धत रूस यांनी 1966 साली मांडली. माझ्याकडे जास्तीची बरगडी होती, त्यामुळे सर्जननी वरून जायचं ठरवलं: ती बरगडी, पहिल्या बरगडीचा भाग आणि पुढचा स्केलिन. धोकेही त्यांनी न मागता सांगितले. श्वासपटलाची नस पुढच्या स्केलिनवरूनच खाली उतरते, ती दुखावली तर धाप लागते. खांद्याचं पातं छातीला धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस मागच्या स्केलिनमधून येते, ती दुखावली तर पातं पंखासारखं बाहेर येतं. फुफ्फुसाचं टोक तिथेच असतं, त्यामुळे छातीत हवा शिरू शकते. डाव्या बाजूला रसवाहिनीचीही काळजी. जो सर्जन हे सगळं शांतपणे सांगतो त्याच्याकडे मन निर्धास्त होतं, निदान माझं झालं.

रुग्णालयातल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. नळी होती, छातीचा एक्स-रे झाला, खोल श्वास घेताना पाठीत, पात्यांच्या मधोमध कळ यायची. कॉलरबोनखाली तळहाताएवढा भाग बधिर झाला. त्वचेच्या बारीक नसा कापल्या किंवा ताणल्या गेल्यानं असं होतं, आणि त्याची आधी कल्पना असेल तर माणूस घाबरत नाही. घरी येताना मात्र एक यादी यजमानांनी स्वयंपाकघराच्या दारावर लावली: अचानक धाप किंवा छातीत कळ, ताप, जखमेतून स्राव, जखमेजवळ वाढणारी सूज, हात सुजणं-निळा पडणं, बोटं गार होणं. यांतलं काहीही झालं तर फोन करत बसायचं नाही, निघायचं. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन होतं. त्यानं झापड येते, तोल जातो. आणि बरं वाटलं म्हणून ते एकदम बंदही करायचं नसतं, डॉक्टर सांगतील तसं उतरवायचं.

आता घर. मराठी घरातलं बाईचं काम किती खांद्याच्या वर आणि किती जोर लावून चालतं, हे मला या ऑपरेशननंतर कळलं. वरच्या फळीवरचे डबे. दोरीवरची धुणी. पोळ्या. कणीक मळताना खांद्यापासून जोर जातो, ओला टॉवेल पिळताना मान आपोआप आखडते, नारळ खवताना तर मानेचे पुढचे स्नायू तारेसारखे ताणले जातात. बादली, कुकर, पाण्याची कळशी, सिलिंडर सरकवणं, हे सगळं कॉलरबोनला खाली ओढतं. पहिले सहाएक आठवडे भरलेल्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं मला सांगितलं होतं. तुमचे सर्जन वेगळा हिशेब देतील, तो पाळा. पण ऑपरेशनला जाण्याआधीच घर बदलून ठेवा, हे मात्र सगळ्यांना सांगते. रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणा. धुण्यासाठी जमिनीवर उभा राहणारा घडीचा स्टँड घ्या. पोळ्यांना बाई लावा, किंवा घरातल्या मुलाला लाटायला शिकवा; माझा मुलगा शिकला आणि आता चांगल्या लाटतो. पुढून उघडणारे सैल कपडे काढून ठेवा. केस कापून घेतले तरी चालेल, कारण वेणी घालताना दोन्ही हात मागे वर जातात आणि तेच नको असतं.

मंगळसूत्राची साखळी बरोबर टाक्यांवर यायची. काढून ठेवलं तर चार जणी विचारतात. मी काढून ठेवलं, आणि विचारलं त्यांना व्रण दाखवला. तीच गोष्ट ब्राच्या पट्ट्याची आणि पर्सची. अरुंद पट्टा नेमका दुखऱ्या जागेवर वजन टाकतो. रुंद पट्टे घ्या, पर्स कमरेला बांधायची घ्या किंवा काही महिने घेऊच नका. झोपताना पाठीवर, कोपराखाली उशी. ऑपरेशनच्या कुशीवर नाही, आणि हात डोक्याखाली घेऊन तर कधीच नाही. ती सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिल्या दोनेक महिन्यांनी चांगले दिवस यायला लागतात. सावध राहायचं ते तेव्हा. मुंग्या नाहीत, हात हलका, आणि घर म्हणतं, "आता बऱ्या दिसताय की बाई!" त्याच सुमारास घराजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात मला रबरी पट्टा ओढायचे व्यायाम दिले. ताकद आली पाहिजे, असं तिथल्यांचं म्हणणं, आणि ते करतानाही हात काही दुखत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी करंगळी पुन्हा बधिर, मान कडक, रात्री झोप नाही. पुण्यात माझं ऑपरेशन केलेल्या सर्जनच्या गटातल्या फिजिओताईंना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "मॅडम, व्रणाच्या खाली नस अजून सरकते का बघितलंय का कुणी?" नव्हतं बघितलं. पट्टे बंद झाले आणि मी काही आठवडे मागे गेले.

त्यांनी मला जे समजावलं ते मी पुढे प्रत्येकाला सांगते. हात हलतो तेव्हा नस आतल्या आत सरकत असते, नेफ्यातून नाडी सरकावी तशी. ऑपरेशननंतर तिथे व्रणाची ऊती तयार होते आणि नस तिला चिकटू शकते. ऑपरेशननंतर त्रास परत येण्याचं ते एक मोठं कारण आहे. अडकलेली नाडी हिसडा दिला तर तुटते किंवा नेफा उसवतो. दोन्ही टोकांनी हलक्या हातानं मागे-पुढे केली की मोकळी होते. नसांचे सरकवण्याचे व्यायाम तसेच असतात: मान एका बाजूला, मनगट दुसरीकडे, एक टोक ताणलं की दुसरं सैल सोडायचं. ताण जाणवण्याच्या अलीकडेच थांबायचं. थोडे वेळा, दिवसातून अनेकदा. ते आधी, ताकदीचे व्यायाम नंतर, आणि तेही पात्याच्या मागच्या स्नायूंपासून, रिकाम्या हातानं सुरुवात करून.

त्यांचा दुसरा नियम: हाताला आज विचारू नका, उद्या विचारा. चिडलेली नस काम चालू असताना गप्प बसते आणि चोवीस तासांत हिशेब देते. त्यामुळे नवीन काम सुरू करायचं तर एका वेळी एकच, थोडं, आणि दुसऱ्या दिवशीचा हात बघून पुढचं पाऊल. मी एक वही ठेवली. डावीकडे काल काय केलं, उजवीकडे आज सकाळी हात कसा आहे. त्या वहीनं मला दोन गोष्टी शिकवल्या ज्या कुठल्याच डॉक्टरांना माहीत असायचं कारण नव्हतं: खडूपेक्षा पेपर तपासणं मला जास्त महाग पडतं, कारण मान खाली घालून खांदे पुढे येतात, आणि दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांतून गेलं की दुसरा दिवस वाईट जातो.

श्वासाचं कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्केलिन स्नायू पहिल्या दोन बरगड्या वर उचलतात, म्हणजे ते श्वासाचे मदतनीस आहेत. दुखण्यानं, भीतीनं माणूस वरच्या छातीनं, उथळ श्वास घ्यायला लागतो, आणि मग दिवसभर प्रत्येक श्वासाला हे मानेचे स्नायू राबतात. आडवं पडून पोटावर हात ठेवायचा, श्वासाबरोबर पोट वर आलं पाहिजे, छाती नाही. यात श्रम नाहीत, खर्च नाही, पहिल्या आठवड्यापासून करता येतं. माझ्या मानेचा कडकपणा उतरायला याच्याइतकी मदत दुसऱ्या कशानं झाली नाही.

शाळेत परत जाताना मुख्याध्यापकांना सर्जनचं पत्र दिलं आणि त्यात मुद्दाम ठळक लिहून घेतलं होतं: खांद्याच्या वर हात उचलण्याचं काम नाही. "हलकं काम" असं मोघम लिहून घेऊ नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीनं लावतो. मी फळ्याच्या खालच्या भागात लिहायला लागले, वरच्या आकृत्या मुलांकडून काढून घ्यायला लागले. नववीच्या वर्गात एका मुलीनं काढलेलं वर्तुळ माझ्यापेक्षा नेटकं असायचं. एसटीत उभं राहून वरची दांडी धरणं बंद. पहिल्या गाडीला गर्दी असेल तर पुढची. स्वतः स्कूटर चालवायला सुरुवात केली ती झापड आणणारी औषधं संपल्यावर, मान दोन्हीकडे न दुखता वळायला लागल्यावर, आणि ब्रेक करकचून दाबता येतो हे उभ्या गाडीवर करून पाहिल्यावर.

मन खचण्याचे दिवस येतील. मुंग्या परत आल्या की वाटतं, सगळं वाया गेलं. तेव्हा एक गणित करा. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगानं. मानेपासून तळहातापर्यंतचं अंतर अर्ध्या मीटरहून जास्त. नुसती दबलेली नस याहून कितीतरी लवकर सुधारते, पण ज्या तंतूंना खरी इजा झाली आहे त्यांना दीड वर्षसुद्धा लागू शकतं, आणि स्नायू फार काळ सुकलेला असेल तर तोवर उशीर झालेला असतो. माझी करंगळी आता जागी आहे, रात्री झोप लागते, हात वर केला तर जड होत नाही. अंगठ्याच्या बुडाची गादी भरून आलेली नाही, आणि ती येणार नाही असं मला स्पष्ट सांगितलं आहे. सुईत दोरा मुलगी ओवून देते. स्नायू सुकताना दिसला तर थांबू नका, असं मी पोटतिडकीनं सांगते ते याचसाठी.

मुलीनंच मला अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंची माहिती शोधून दिली होती. चेंडू फेकणाऱ्यांमध्ये हा आजार बराच दिसतो. ख्रिस कार्पेंटरचं 2012 च्या जुलैत ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरमध्ये तो मैदानात होता. मुलगी खूश झाली. पुढच्या वर्षी मात्र त्याच्या हातातला बधिरपणा परत आल्याचं जाहीर झालं. स्टीफन स्ट्रासबर्गचं ऑपरेशन 2021 मध्ये झालं. त्यानंतर मुख्य लीगमध्ये तो फक्त एक सामना खेळू शकला. त्यांच्या हातावरचा भार आपल्या हातावर नसतो, त्यामुळे हे वाचून घाबरायचं कारण नाही. पण शेजारच्या कुणी तिसऱ्या महिन्यात सगळी कामं सुरू केली म्हणून आपणही करावी, ही तुलना मनातून काढून टाका. कुणाची नस किती वर्षं दबलेली होती, ते बाहेरून कळत नाही.

शेवटी कागदांचं. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात, त्यावर समाधान मानू नका. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या: कुठून गेले, पहिली बरगडी पूर्ण काढली की काही भाग ठेवला, कुठला स्केलिन कापला, नसांभोवती काय दिसलं. उद्या त्रास परत आला तर नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच लागतं, आणि काही वर्षांनी जुने कागद मिळवणं अवघड होतं. माझ्या फाइलीत ती नोंद, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे आणि विद्युत चाचणीचे अहवाल आहेत. डाव्या बाजूची बरगडी तशीच आहे. तिचा त्रास नाही, म्हणून तिला हात लावायचा नाही, असं सर्जन म्हणाले. डाव्या हातानंही आता मी वरच्या फळीवरचं काही काढत नाही.